टीबीचे चुलतभाऊ

लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेला माणूस विचारतो, "आपण काय करता?" मी सांगतो, "बेडका तपासतो." त्यानंतर तो दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलू लागतो. 'प्रयोगशाळेत असतो' एवढंच सांगावं, असं बायकोने मला अनेकदा सुचवलं आहे. पण अर्धवट माहिती द्यायची मला सवय नाही.

औरंगाबादच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी क्षयाच्या टेबलावर काम करतो. शहराचं नाव आता बदललं आहे, पण ही हकिगत घडली तेव्हा रिपोर्टच्या माथ्यावर औरंगाबादच छापलेलं होतं, म्हणून तेच लिहितो.

काम सांगायला सोपं आहे. काचेच्या पट्टीवर बेडका किंवा पू पसरायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचा. मग ती पट्टी अॅसिडने धुवायची. बहुतेक जंतूंचा लाल रंग अॅसिडने निघून जातो. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं, त्याचा रंग निघत नाही. शेवटी निळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या मैदानात लाल कांड्या शोधायच्या. शंभर ठिकाणी पाहिल्याशिवाय 'नाहीत' असं लिहायचं नाही, असा नियम आहे. दिसल्या तर मात्र शंभरपर्यंत जावं लागत नाही. म्हणजे आमच्या धंद्यात वाईट बातमी लवकर तयार होते आणि चांगलीला वेळ लागतो.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं येतं. एकाने स्वतःच्या नावाच्या डबीत भावाचा बेडका आणून दिला होता. विचारलं तर म्हणाला, "मला खोकला येत नाही ना साहेब. त्याला भरपूर येतो. आणि रक्त एकच आहे आमचं." दोघांचीही तपासणी केली. आजारी भाऊच निघाला, पण तो तपासायला आलाच नसता, त्यामुळे या गृहस्थाला रागवावं की कसं, हे माझं अजून ठरलेलं नाही. दुसरा एक जण घरी शोभेचे मासे पाळणारा होता. त्याच्या बोटावर बसलेली गाठ कशानेच जाईना. तिच्यात लाल कांड्या दिसल्या. पण तो क्षय नव्हता. माशांच्या काचपेटीत हात घालता घालता एका खरचटलेल्या जागेतून शिरलेले जंतू होते ते.

इथून माझा खरा विषय सुरू होतो. अॅसिडला दाद न देणारा क्षयाचा जंतू एकटा नाही. त्याचं गोत मोठं आहे. मातीत, डबक्यात, नळाच्या पाइपात, टाकीच्या तळाशी, पक्ष्यांत, माशांत, गुराढोरांत यांची वस्ती असते. बहुतेक जण आपल्याला काही करत नाहीत. फुप्फुस आधीच खराब असेल किंवा कातडीला भोक पडलं असेल, तर काही जण आत शिरतात आणि मुक्काम करतात. यांचं शास्त्रीय नाव 'क्षयाचे नसलेले' अशा अर्थाचं आहे. ज्याची ओळखच 'तो नव्हे' अशी करून दिली जाते, त्याला लोक तोच समजतात. सूक्ष्मदर्शकाखाली मलाही फरक सांगता येत नाही. लाल कांडी ती लाल कांडी.

सविता बजाजनगरला राहत होती. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर होता. दिवाळीनंतर तिच्या पित्ताशयातले खडे शहरातल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात दुर्बिणीने काढले. पोटाला चार लहान छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. महिन्याभराने बेंबीजवळचं छिद्र सुजलं, फुटलं आणि वाहायला लागलं. नेहमीच्या औषधांनी ते बरं होईना, म्हणून सर्जनने पू आमच्याकडे पाठवला. मी पाहिला. लाल कांड्या होत्या. 'अॅसिडला न जुमानणारे जंतू आढळले' असं नेहमीच्या शब्दांत लिहून रिपोर्ट दिला. त्यात टीबी हा शब्द नव्हता. पण आमचा रिपोर्ट कोणी शब्दांसाठी वाचत नाही. सविताला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी जखम बरी झाली नाही. उलट वरच्या छिद्रातूनही पू येऊ लागला.

तिला पाच वर्षांची मुलगी होती, ओवी. सविताची सासू गोदाबाई लासूर स्टेशनला राहत होती. दोन म्हशी, दुधाचा रतीब. टीबीचं कळल्याबरोबर ती आली आणि नातीला घेऊन गेली. भांडण नाही, आरडाओरड नाही. सुनेला तिने एवढंच सांगितलं की रिपोर्ट निल आल्याबिगर पोरगी येणार नाही. मुलीलाही बजावलं, की आईजवळ जायचं नाही, तिचं उष्टं खायचं नाही. नवरा महिन्यातून दोन रविवार लासूरला जाऊन मुलीला भेटून यायचा. सविता गेली, तर मुलगी ओसरीच्या त्या टोकाला उभी राहून बोलायची.

हे मला सविताने सांगितलं. दर वेळी पू द्यायला आली की विचारायची, "सर, निल आला का?"

मी म्हणायचो, "अजून नाही."

एकदा मी तिच्या नवऱ्याला समजावलं, की हा टीबी असला तरी पोटाच्या कातडीचा आहे. टीबी पसरतो तो खोकल्यातून, आणि बेंबी खोकत नाही. त्याने ते आईला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. गोदाबाईचं उत्तर त्याने मला परत आणून दिलं, "त्या साहेबाला म्हणावं, तुझी नात असती तर ठिवली असतीस का?" मला नात नव्हती.

जूनमध्ये ओवीला पहिलीत घालायचं होतं. शाळा उघडेपर्यंत निल आला नाही, तर लासूरच्या शाळेत नाव टाकायचं, असं गोदाबाईने ठरवलं होतं. एकदा तिकडे नाव लागलं की वर्ष गेलं, आणि एक वर्ष लांब राहिलेलं पाच वर्षांचं पोर परत येतं तेव्हा पाहुणं होऊन येतं. सविता हे असं बोलली नाही. ती म्हणाली, "दप्तर घेऊन ठेवलंय मी. निळं."

मार्चमध्ये तिचा पू आम्ही लावणीला टाकला. लावणी म्हणजे अंड्यांपासून बनवलेल्या हिरवट वड्या काचनळीत तिरप्या थिजवायच्या, त्यांवर नमुना घालायचा आणि उबेत ठेवायचं. क्षयाचा जंतू आळशी. त्याला उगवायला महिना-दीड महिना लागतो. आठवड्याच्या आत काही उगवलं, तर आमच्याकडे त्याला तण समजतात. बाहेरचा जंतू घुसला, नमुना वाया गेला असं लिहायचं आणि नळी नष्ट करायची. क्षयाच्या टेबलावर काम करणारा माणूस हे डोळे मिटून करतो.

सविताच्या नळीत पाचव्या दिवशी पांढरट, गुळगुळीत ठिपके आले. मी ती नळी टाकायच्या रांगेत ठेवली. आमच्या विभागाच्या मॅडम नळ्या टाकण्याआधी सगळ्या स्वतः पाहत. त्यांनी ती उचलून उजेडात धरली.

"तण असं एकसारखं उगवतं का हो?" त्या म्हणाल्या.

मी त्या ठिपक्यांची पट्टी करून रंगवली. लाल कांड्या. भरगच्च.

"दुसरा नमुना मागवा," मॅडम म्हणाल्या. "आणि क्षय ओळखायच्या मशीनवरही पू लावा." तोपर्यंत पू त्या मशीनवर लावायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ते बेडक्यासाठीच असायचं.

दुसऱ्या नमुन्यातही पाचव्या दिवशी तेच उगवलं. मशीन म्हणालं, क्षय नाही. त्याच आठवड्यात सोयगावच्या एका माणसाचा पू आला. त्याचीही बेंबी, त्याचंही दुर्बिणीचं ऑपरेशन, दवाखाना तोच. उगवलं तेही पाचव्या दिवशी.

मॅडमनी त्या सर्जनना फोन केला. असे फोन अवघड असतात. समोरचा माणूस रागावतो, नाहीतर वकिलाची भाषा बोलतो. हे सर्जन म्हणाले, "माणूस पाठवा. जे हवं ते उघडून पाहू दे." म्हणून मी निर्जंतुक बाटल्या घेऊन गेलो.

त्या दवाखान्याची ऑपरेशनची खोली मेहरुन्निसा आपा सांभाळत. पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. बूट बाहेर काढायला लावून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्ही मोजे कधी धुतले?" त्यांनी विचारलं.

"काल."

"हां. मग या."

खोली आमच्या प्रयोगशाळेपेक्षा स्वच्छ होती. हे मी मॅडमना नंतर सांगितलं, त्यांना आवडलं नाही.

दुर्बीण नाजूक असते, उकळता येत नाही. ती जंतुनाशकात बुडवून ठेवतात. पण ते जंतुनाशक पोटात गेलं तर भाजतं, म्हणून आधी दुर्बीण पाण्याने खळबळतात. मी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"उकळलेलं," आपा म्हणाल्या. "मी स्वतः उकळते. वीस मिनिटं. घड्याळ लावून." त्यांनी कोपऱ्यातली स्टीलची टाकी दाखवली. झाकण, तोटी, वर पांढरं फडकं बांधलेलं. "नळाला पाणी येतं आठ दिवसांनी. आलं की मी उकळून, गार करून यात भरते. साब, मैं आने के बाद पानी के वास्ते एक ऑपरेशन नै रुका. बाजूच्या दवाखान्यात विचारा, तिकडे पेशंट टेबलावरून उठवून घरी पाठवलेत."

"ही टाकी रिकामी कधी करता?"

"रिकामी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मोजे काल धुतले नव्हते. "रिकामी कायको करना? अर्धी झाली की वरून भरते."

"तळ कधी दिसला का?"

"आमच्यात पाणी सांडणं गुनाह आहे, साब. आणि या शहरात तर सगळ्यांनाच आहे."

हे खरं होतं. मी या गावात जन्मलो. आमच्याकडे पाणी येण्याच्या दिवशी माणसं रजा टाकतात. नव्या पाण्यासाठी जुनं ओतून देणारा माणूस मी पाहिलेला नव्हता, आणि माझ्या घरचा ड्रमही त्याला अपवाद नव्हता. उकळलेलं पाणी टाकीत पडत होतं खरं, पण ते पडत होतं न उकळलेल्या टाकीत. तळाशी आणि तोटीच्या आत जंतूंनी घर केलं, की वरून कितीही निर्मळ पाणी आलं तरी त्यांना ते पाहुणचारासारखंच.

मी तोटीत कापूस फिरवला. तो बुळबुळीत निघाला. आपांनी तो पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पाहिला.

"ये मेरे टाकी का है?"

"हो."

त्या स्टुलावर बसल्या. मग विचारलं, "किती जणांना?"

"दोन जणांचं कळलंय."

"औरत है कोई?"

"एक बाई आहे. तिची मुलगी आजीकडे ठेवलीय, टीबी समजून."

आपा उठल्या. त्यांनी तोटी सोडली. पाणी मोरीत जाऊ लागलं तशी त्यांनी खाली बादली लावली. "फरशीला वापरते," त्या म्हणाल्या. "फरशीला चालेल ना?"

मी म्हणालो, चालेल. शास्त्राप्रमाणे तेही चालायला नको होतं. पण ते मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

टाकीतून उगवलं ते तेच होतं. बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेने नमुने जुळवून तसं कळवलं. सर्जननी दुर्बिणीला लावायच्या पाण्याची पद्धत बदलली, दोन्ही रुग्णांची औषधं बदलली आणि खर्च स्वतः केला. मी घरी आल्यावर बायकोला म्हणालो, आपला ड्रम रिकामा करून घासायला हवा. ती म्हणाली, "पाणी नक्की कधी येणार ते सांग, लगेच ओतते." ड्रम तसाच राहिला.

सविताची जखम मे महिन्यात सुकायला लागली. पण औषध अजून काही महिने घ्यायचं होतं, आणि थोडासा पू यायचा त्यात लाल कांड्या होत्याच. म्हणजे रिपोर्ट निल नव्हता. 'टीबी नाही' असं मॅडमनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. नवरा तो कागद घेऊन लासूरला गेला आणि हात हलवत परत आला. मग शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात गोदाबाई स्वतःच आली. सविताच्या ड्रेसिंगचा दिवस होता. सून बाहेर बाकावर बसली आणि सासू सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत बाटलीभर दूध. ते मला आणलेलं होतं की घरचं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"तुमीच का ते लाल किडे बघणारे?"

"हो, मीच."

"हायेत का अजून तिच्यात?"

"थोडे आहेत."

"मंग कागदावर नाय म्हून कसं लिवलं?"

"कागदावर टीबी नाही असं लिहिलंय, आजी. किडे आहेत, पण ते टीबीचे नाहीत."

"दिसायला?"

"सारखेच."

"मंग तुमाला तरी काय कळतंय?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "बघून कळत नाही. उगवून पाहिल्यावर कळतं. टीबीचा महिन्याने उगवतो, हा पाच दिवसांत उगवला. आणि हा माणसाकडून माणसाला जात नाही. पाण्यातून आला, दुर्बिणीबरोबर आत गेला."

गोदाबाईने पिशवी खाली ठेवली. सूक्ष्मदर्शकाकडे पाहत ती म्हणाली, "माझ्या म्हशीचं असंच झालं व्हतं."

"कसं?"

"डेअरीवाल्यांनी ढोराचा डाक्टर आणला व्हता, टीबी हाय का बघाया. मानंवर दोन जागी केस भादरले, दोन सुया टोचल्या. तिसऱ्या दिशी दोन्ही जागी गाठी. एक बारकी, एक ही येवढी. म्या म्हणलं, गेली म्हस, भाईर बांधली. डाक्टर पट्टी लावून मोजतंय अन् हसतंय. म्हणलं, आजी, मोठी गाठ टीबीच्या सुईची नाय, पाखराच्या जंतूच्या सुईची हाय. गोठ्यात कोंबड्या बसत्यात ना? ह्यो टीबी नव्हं, टीबीचा चुलतभाऊ हाय."

"बरोबर," मी म्हणालो. "हाही तसाच. त्याच घराण्यातला."

"चुलतभाऊ."

"हो."

"मंग हे आदी का नाय सांगितलं? घराणं, उगवणं, कागद. चुलतभाऊ म्हणलं असतं तर चैतातच कळलं असतं."

'क्षयाचे नसलेले' या शास्त्रीय नावापेक्षा ढोरांच्या डॉक्टरचा शब्द चांगला आहे, हे मी त्याच दिवशी मान्य केलं, आणि तेव्हापासून रुग्णांना तोच सांगतो.

मी विचारलं, "मग म्हशीचं काय केलंत?"

"काय करायचं? कोंबड्या हाकलल्या. म्हस दावणीला." दाराबाहेर बाकावर बसलेल्या सुनेकडे तिने पाहिलं, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "म्हशीला त्याच सांजच्याला आत घेतली व्हती म्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी लासूरहून येणाऱ्या गाडीने ती नातीला घेऊन आली. बजाजनगरला घरी न जाता दोघी सरळ आमच्याकडे आल्या. सविताला त्या दिवशी मॅडमनी जखम पाहायला परत बोलावलं होतं. ती बाकावर बसली होती. कँटीनचा चहा कोणीतरी तिला दिलेला, अर्धा पिऊन झालेला. मी दारात पाहत होतो, कारण पट्टी वाळेपर्यंत मला दुसरं काम नव्हतं.

ओवी दारापाशी थांबली. सहा महिने शिकवलेलं होतं, ती बरोबर तितक्या अंतरावर थांबली. सविता उठली नाही, हाकही मारली नाही. ती फक्त पोरीच्या वेणीकडे पाहत होती. वेणी तेल लावून घट्ट घातलेली होती.

"जा की," गोदाबाई म्हणाली.

ओवीने मान हलवली. "आईला किडे आहेत."

गोदाबाई मला म्हणाली, "सांगा हिला तुमचं ते."

मी सांगितलं. पाणी, दुर्बीण, चुलतभाऊ, सगळं. मुलीने नीट ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही. शास्त्र समजावून सांगण्यात माझा हातखंडा आहे असं मला वाटत होतं.

मग गोदाबाई सविताच्या शेजारी बाकावर बसली, अगदी खेटून. सुनेच्या हातातला तो अर्धा पेला तिने घेतला आणि नातीकडे पाहत पिऊ लागली. घोट घोट, घाई न करता. सविता म्हणाली, "आत्या, गार झालाय तो." गोदाबाईने तळापर्यंत पिऊन पेला बाकाखाली ठेवला.

ओवी ते सगळं पाहत होती. नंतर ती आली, आईच्या दुसऱ्या बाजूला चढून बसली आणि म्हणाली, "बिस्कीट होतं का त्याच्यासोबत?"

माझी पट्टी वाळली होती. मी आत गेलो.